नाजोचे केस

माझ्या बायकोला माझे सगळे अवगुण तोंडपाठ होते. उसनी आणलेली पुस्तकं परत न करणं, चारचौघांत बढाई मारणं, कुणी चूक दाखवली की दिवसभर धुमसत बसणं — एकही तिच्या नजरेतून सुटला नव्हता. तरी ती गेली तेव्हा माझ्याबद्दलची एक गोष्ट तिला माहीत नव्हती. मी तिला ती कळूच दिली नाही. मुलांना नाही, मित्रांना नाही, देवापुढं हात जोडले तेव्हाही मी ती गोष्ट वगळूनच बोलत आलो. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का, ते विचारू नका. मलाही नीट सांगता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मोठं असणार? एका कुत्रीची तर गोष्ट. खरंच, कुत्रीचीच आहे — जेमतेम वीतभर उंचीची, पांढरी, केसाळ कुत्री. आता तशी कुत्री गल्लोगल्ली झालीत. आमच्या शेजारच्या बंगल्यातही एक आहे. ते फाटकातून बाहेर आलं की मी अजूनही रस्ता बदलतो. शेजाऱ्यांना वाटतं, म्हातारा कुत्र्याला भितो.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. युद्ध चालू होतं, रॉकेल मिळत नव्हतं. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि एका तालुक्याच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. गावाचं नाव सांगत नाही. भूम-वाशीकडचा कोरडा मुलूख, एवढं पुरे. डॉक्टर जिल्ह्याहून महिन्यातून एकदा यायचे. उरलेले दिवस बैलांचे सुजलेले खांदे, म्हशींची अडलेली वेतं आणि शेळ्यांची पोटफुगी माझ्या एकट्याच्या जिवावर. लोक मला सलोतरी म्हणायचे, म्हणजे गुराढोरांचा डॉक्टर. काही तर सरळ डॉक्टरसायेबच म्हणायचे. मी कंपाउंडर आहे असं मी कुणाला सांगत बसलो नाही. कशाला सांगू? कानाला बरं वाटत होतं.

दवाखान्यात एकदा औषधाच्या बाटल्या एका जुन्या इंग्रजी मासिकाच्या कागदात गुंडाळून आल्या. त्यातल्या एका पानावर विलायती कुत्र्यांची चित्रं होती, प्रत्येकाखाली नाव. मी ते पान उलगडून, हातानं इस्त्री करून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. अक्षरं जुळवून नावं पाठ केली. नावाखाली बारीक अक्षरांत आणखी पुष्कळ काही लिहिलेलं होतं, पण तेवढं इंग्रजी मला येत नव्हतं.

पुढं नवे तहसीलदार हैदराबादहून बदलून आले. त्यांच्या बेगमसाहेबांबरोबर एक कुत्री आली — नाजो. पिंजाऱ्यानं पिंजून ठेवलेल्या कापसाचा गोळा चालत यावा तशी ती अंगणात आली, आणि मी पाहताक्षणी म्हणालो, "हुजूर, ही पामेरियन." साहेब चकित झाले. त्या गावात कुणी ते नाव घेईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. कसं ओळखलं, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं, की जनावर कुठलंही असो, मी नुसत्या दिसण्यावरून जात सांगतो. साहेबांनी ते कचेरीत सांगितलं, कचेरीनं गावात. चार दिवस मी छाती काढून चालत होतो.

आता खरं सांगू? मी कुत्री ओळखलीच नव्हती. केस ओळखले होते. चित्रात केसच केस होते, मी तेवढेच पाठ केले होते. कानांची ठेवण कशी, शेपूट कुठून निघते, पंजे किती मोठे, तोंड केवढं — यातलं मला ओ की ठो माहीत नव्हतं. पण हे मला तरी तेव्हा कुठं कळलं होतं? मला खरंच वाटत होतं, की मला येतं.

दिवाळीनंतर तहसीलदार दौऱ्यावर निघाले. बेगमसाहेबा पडदा लावलेल्या दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत होत्या, नाजो त्यांच्या मांडीवर. ईट गावाच्या अलीकडं एका ओढ्यापाशी मुक्काम पडला आणि तिथून नाजो नाहीशी झाली. पाच-सहा दिवस माणसं रानं तुडवत होती. दवंडी झाली, बक्षीस जाहीर झालं. मलाही बोलावून हुलिया लिहून घेतला. मी काय सांगितलं असेल? पांढरी, आखूड पायांची, अंगभर लांब मऊ केस. "केस हीच खूण," असं मी मुद्दाम लिहायला लावलं.

महिन्यानं एका सकाळी मला बंगल्यावरून बोलावणं आलं. मी नवा कोट चढवून गेलो. अंगणात तहसीलदार खुर्चीवर बसलेले, शेजारी पोलिसांचे अमीन, दोन जवान. मागं ओसरीला बांबूच्या कामट्यांची चीक सोडलेली. तिच्याआड बेगमसाहेबा आहेत हे बांगड्यांवरून कळत होतं. आणि समोर बिरू धनगर उभा होता. मी त्याला ओळखत होतो. चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. ईट-भूमच्या शिवारांत शेतकरी त्याची मेंढरं खतासाठी शेतात बसवून घ्यायचे, इतका त्याच्यावर विश्वास. त्याच्या घोंगड्याच्या खोळीत एक मरतुकडं पिल्लू थरथरत होतं. अंगावर केस नाहीत, कातडीला करंजाचं तेल फासलेलं, उंदरासारखं तोंड.

बिरूची हकीकत सरळ होती. कुत्री त्याला घाणेरीच्या जाळीत सापडली. अंगभर कुसळं आणि गोखरू, केसांच्या गाठी वळलेल्या, गाठींखाली कातडी सडत चाललेली. त्याच आठवड्यात त्याची मेंढरं कातरायची होती. त्यानं काय करावं? मेंढरं कातरली आणि त्यांच्याबरोबर हिलाही कातरली. धनगराला जे सुचायचं तेच सुचलं. नंतर बाजारात दवंडीची गोष्ट त्याच्या कानावर आली आणि तो आठ कोस चालून तिला परत द्यायला आला.

अमीननं विचारलं, केस कुठं आहेत? बिरू म्हणाला, "लोकरीत गेलं, सायेब. लोकर सणगराकडं गेली. आतापतूर त्याचं घोंगडं झालं असंल."

साहेब सोडून सगळे हसले. कुत्रीचं घोंगडं! मीही हसलो.

तहसीलदारांनी खुर्चीवरूनच एकदा "नाजो" म्हणून हाक मारली. ते पिल्लू भेदरून बिरूच्या काखेत आणखी शिरलं. चिकेआडून बारीक आवाजात काहीतरी शब्द आले, तशी पिल्लानं मान वर केली आणि एक चिरका सूर काढला. तो मी ऐकला. पण साहेबांनी वळून आत गप्प बसायची खूण केली. एवढ्या परक्या पुरुषांत बेगमनं बोलणं त्यांना रुचलं नसावं. त्या बाहेर येऊन बघणार नव्हत्या, आणि ते तेलकट, खरजुलं जनावर आत न्यायला साहेब तयार नव्हते. मग ते माझ्याकडं वळले. "बोलो सलोतरी, येच है क्या?"

मी दोन हात लांबच उभा राहिलो. तेलाचा वास येत होता, कोट नवा होता. मी काय शोधत होतो? केस. केस नव्हते. बिरूनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की या सगळ्यांत जनावरातलं कळणारा हा एकच माणूस आहे. म्हणाला, "सायेब, दात तरी बघा. पिल्लू न्हाय ही. पोक्त हाय."

आणि मी म्हणालो, "दात बघायला हा काय बैल आहे?"

पुन्हा हशा पिकला. या वेळी साहेबही हसले. ते हसले म्हणून मला केवढा आनंद झाला! त्या आनंदाच्या भरातच मी सांगून टाकलं — हुजूर, हे गावठी पिल्लू आहे, दोन महिन्यांचं असेल.

पुढचं फार पटकन झालं. बक्षिसाच्या लोभानं सरकारला फसवतोस काय, म्हणत अमीननं बिरूच्या डाव्या कानाखाली अशी ठेवून दिली, की तो खाली बसला. खाली बसतानाही त्यानं ते पिल्लू सांभाळून धरलं होतं. त्याला हवालातीत नेलं. पिल्लू माझ्या हवाली झालं — खरूज लागण्यासारखी असेल तर बघा, नाहीतर द्या सोडून कुठंतरी.

इथवर चूक होती. माणूस आहे, चुकतो. इथवरच असतं तर मी हे केव्हाच हसत हसत सांगितलं असतं.

दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं. मी पिल्लाला टेबलावर घेतलं. बिरूचं बोलणं डोक्यात घोळत होतं. अंगठ्यानं ओठ वर केला. दोन महिन्यांच्या पिल्लाचे दात सुईसारखे असतात, दुधाचे. इथं पुरते सुळे होते, टोकाला झिजलेले, मुळाशी पिवळे. समोरचे दातही घासलेले. ही चार-पाच वर्षांची कुत्री होती. आणि चार-पाच वर्षांची एवढीशी गावठी कुत्री कुणी पाहिली आहे? मी पंजे पाहिले, मांजरीएवढे. शेपूट वर उचलून सोडली, ती पाठीवर सपाट पडली. कान लहान, जवळजवळ, ताठ. मग मी कपाट उघडून ते चित्र पाहिलं. केसांखाली हेच सगळं होतं. मी त्या दिवशी ते पहिल्यांदा पाहिलं. हळूच म्हणालो, "नाजो." तिनं माझा अंगठा चाटला.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? नाही, राहू द्या. मी काय केलं ते ऐका. मी लगेच चप्पल घालून कचेरीकडं निघालो. कचेरी समोरच होती, रस्ता ओलांडला की झालं. पायऱ्या चढलो. हवालातीच्या गजांआड बिरू कान दाबून बसलेला दिसला. अमीननं विचारलं, "क्यों सलोतरीसाब?" आणि माझ्या तोंडून निघालं — थोडी शाई हवी होती.

त्यानं शाई दिली. मी ती घेऊन परत आलो.

माझी नोकरी कच्ची होती, ती पक्की करण्याचा कागद साहेबांच्या सहीसाठी पडून होता, हे खरं आहे. पण त्या पायरीवर मला नोकरी आठवली नव्हती, हेही खरं आहे. मला सकाळचा तो हशा आठवला होता. तोच हशा आता माझ्यावर उलटेल, एवढंच मला दिसत होतं. एक माणूस गजांआड होता आणि मी हसू होईल म्हणून घाबरलो. पाच दिवस तो तिथं होता. पाच दिवस मी नाजोला माझ्या ताटातली भाकरी दुधात कुस्करून घालत होतो, आणि रोज सकाळी ठरवत होतो की आज सांगायचं.

सहाव्या दिवशी बिरू सुटला आणि थेट दवाखान्यात आला. एक तर त्याला कुत्री हवी होती, आणि दुसरं, कान फुटला होता. माणसांच्या डॉक्टरकडं जावं असं त्याला वाटलंच नाही. मी कापसानं पू पुसला, बोळा घातला. तो शांतपणे म्हणाला, "ह्या कानानं काय ऐकू येईना." मग अगदी सरळ मनानं त्यानं विचारलं, "सायेब, तुमी शिकल्यालं. तुमी गावठी म्हनता तर गावठीच असंल. पन मग ही एवढीशीच कशानं हाय?"

मी म्हणालो, "काही काही राहतात खुरटी."

तो मान हलवून तिला उचलायला लागला. तेवढ्यात माझं लक्ष तिच्या पाठीवर गेलं. तेल पुसलं गेलं होतं आणि खाली बारीक पांढरी लव उगवली होती. केस वाढणार! दोन-तीन महिन्यांत ही पुन्हा पहिल्यासारखी होणार, बाजारात कुणीतरी पाहणार — मग मी कुठं जाऊ? बिरूलाही लोक चोर म्हणतील, असा विचार मी नंतर मनाच्या समाधानासाठी जोडून घेतला. तेव्हा मला फक्त मी दिसत होतो.

मी त्याला सांगितलं, "बिरू, हिचे केस वाढू देऊ नकोस. हिच्या कातडीत रोग आहे. केस वाढले की खरूज उलटेल, मेंढरांनाही लागेल. दर दोन महिन्यांनी कातरत जा."

"व्हय सायेब," तो म्हणाला. "लई उपकार झालं." आणि पाया पडला.

हे आहे ते. हेच सांगायला मला इतकी वर्षं लागली. अंगणात मी चुकलो होतो, पायरीवर भ्यालो होतो. पण हे मी नीट विचार करून, वैद्यकीच्या आवाजात, त्याच्या फुटक्या कानात माझ्याच हातानं बोळा घालून झाल्यावर केलं.

पंधरा दिवसांनी बेगमसाहेबांनी मला बोलावलं. चिकेआडून आवाज आला, हैदराबादी, दमलेला. "आवाज तो उसीच की थी, सलोतरीसाब. मगर आपकी नजर के आगे हम क्या बोलते? सच्ची नहीं थी वो?" मी चिकेकडं बघत म्हणालो, "जी नहीं." त्यांनी बरं म्हटलं, मला पानाचा विडा पाठवला. मी तो खाल्ला.

त्यानंतर माझा बाजारचा दिवस गोड झाला नाही. जिथं जिथं बिरूचं बिऱ्हाड उतरायची शक्यता, तिथं तिथं मी काही ना काही काम काढून जायचो, लांबून नाजोच्या पाठीकडं बघायचो. बोटभर केस दिसले की मला जेवण जायचं नाही. कातरलेली दिसली की गाढ झोप. त्याच फेऱ्यांत मला बाकीचंही दिसत होतं. बिरूची मेंढरं शेतात बसवून घ्यायला लोक आता काकू करत होते. सरकारला फसवायला गेलेला माणूस, म्हणायचे. आम्हाला काय सोडणार? तो ईटचा टापू सोडून लांब लांब फिरू लागला. बोलताना मान वळवून उजवा कान पुढं करायचा. आणि तरीही मला पाहिलं की उठून रामराम घालायचा. माझी नोकरी पक्की झाली.

दोन वर्षांनी तहसीलदारांची बदली झाली. बेगमसाहेबा पडद्याच्या दमणीतून गेल्या. मी निरोपाला हजर होतो. मग पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं, अमीन कुठं गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यांच्यासमोर माझं हसं होणार होतं, त्यांच्यातला एकही माणूस उरला नाही. आता तरी मी बिरूला गाठून सांगितलं असेल, असं तुम्हाला वाटतं ना?

पुढच्या उन्हाळ्यात तोच आला. भर दुपारी, एकटा. दाढी पांढरी झालेली. दवाखान्याच्या उंबऱ्यावर बसून पाणी प्याला आणि म्हणाला, कुत्री गेली. तिला ओढ्याकाठी पुरलं. बायको, धुरपा, दोन दिवस जेवली नाही. थंडीत ती फार कुडकुडायची, म्हणून धुरपानं तिला घोंगड्याच्या तुकड्याचं अंगडं शिवलं होतं, तेही तिच्याबरोबर पुरलं.

"पन तुमी सांगितल्यालं म्या मोडलं न्हाय, सायेब. दर दोन म्हयन्याला कातरली. धुरपा रडायची, थंडीत तरी नगं म्हनायची. तरी कातरली. मरंस्तवर खरूज न्हाय झाली तिला."

एवढं सांगायला तो आला होता. त्यानं उजवा कान माझ्याकडं केला आणि मी काय म्हणतो त्याची वाट बघत बसला. दवाखान्यात आम्ही दोघंच होतो. भ्यावं असं त्या गावात आता कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "बरं केलंस."